चुन्याची फक्की किती दिवस माराल? सुरत १९९५ : एक प्रकरण अभ्यास

नगरपालिकेत ज्याने नोकरी केली आहे त्याला चुन्याची फक्की समजावून सांगावी लागत नाही. साहेबांचा दौरा ठरला की आदल्या रात्री मुकादमाला निरोप जातो. पहाटे चार माणसं गटाराकाठच्या गाळावर माती लोटतात आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढरी रेघ ओढतात. साहेब गाडीतून उतरतात, रेघ बघतात, मान डोलावतात. रेघेखालचा गाळ तसाच. मी अठ्ठावीस वर्षं स्वच्छता निरीक्षक म्हणून काढली. माझ्या सहीने फक्कीची किती पोती निघाली याचा हिशेब मी केलेला नाही, करणारही नाही.

निवृत्तीनंतर पालिकांच्या नव्या अधिकाऱ्यांसमोर बोलायला अधूनमधून बोलावणं येतं. विषय ठरलेला असतो, ‘प्रभावी नेतृत्वाचे गुण’. मी फळ्यावर गुणांची यादी लिहीत नाही. सुरतेची गोष्ट सांगतो. त्यातली निम्मी वर्तमानपत्रांतून नि सरकारी कागदांतून सगळ्यांना माहीत आहे; उरलेली निम्मी खातं आतून पाहिलेल्यालाच नीट कळते.

आधी प्लेग

१९९३च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर मराठवाड्यात भीतीने माणसं घराबाहेर राहू लागली आणि बंद घरांत साठवलेल्या धान्यावर उंदरांनी धुमाकूळ घातला. पुढच्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण निघाले. सुरतेत सप्टेंबर १९९४मध्ये जो उद्भवला तो फुप्फुसाचा प्लेग होता, खोकल्यातून पसरणारा. त्याआधी तापीला पूर येऊन गेला होता. सखल वस्त्यांत पाणी साचलेलं, मेलेली जनावरं पडलेली आणि उकिरडे भिजून कुजलेले. वेड रोडच्या बाजूने सुरुवात झाली. मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला, पण शहराने तो आकडा कळेपर्यंत वाट पाहिली नाही. चार-पाच दिवसांत काही लाख माणसं सुरत सोडून गेली. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपलं. कित्येक खासगी डॉक्टरांनीही दवाखान्याला कुलूप लावून गाव गाठलं.

आमच्या खानदेशाला हे दुरून ऐकायची गरज नव्हती. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत यंत्रमागावर राबणारा निम्मा गाव आमचाच. सुरत–भुसावळ गाडीने माणसं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरला उतरत होती. माझी मावशी लिंबायतहून चार पोरं आणि एक पितळी हंडा घेऊन आली. फाट्यावर पोचली तेव्हा गावातलीच माणसं एकमेकांना सांगत होती, ‘सुरतना उनात, लांब ऱ्हा रे’, म्हणजे सुरतेचे आलेत, लांब राहा. आठ दिवस ती शेतातल्या खोपीत राहिली. हंडा का आणलास म्हणून विचारलं तर म्हणाली, तिथल्या नळाला जे पाणी यायचं ते या हंड्यात रात्रभर ठेवलं की तळाशी बोटभर गाळ बसायचा. ती गोष्ट मी विसरलेलो नाही, कारण तेव्हा माझ्या पालिकेच्या पाण्याचीही तीच कथा होती.

सुरतेचं दुखणं मात्र प्लेगच्या आधीचं. १९८१च्या जनगणनेत शहर पावणेआठ लाखांच्या आसपास होतं, १९९१मध्ये पंधरा लाखांच्या घरात गेलं. हिरे, जर, यंत्रमाग. पैसा मुबलक आणि गटारं पूर्वीचीच. प्लेगनंतर केंद्राने तज्ज्ञांची समिती नेमली, जगभरचे पत्रकार येऊन गेले. मग भीती ओसरली, माणसं परतली, मावशीही परतली. कचरा होता तिथेच होता.

मे १९९५मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले.

हातोडा, आणि जे हातोड्यामागे होतं

रावांची गोष्ट बहुतेक वेळा हातोड्यापासून सांगितली जाते. बेकायदा बांधकामं पाडायला सुरुवात केली ती बड्यांच्या इमारतींपासून. दोन-तीन वजनदार लोकांचं पाडल्यावर मग बाजारातल्या दुकानदाराला आपला पुढे आलेला ओटा स्वतःच काढावासा वाटला. हे खरं आहे आणि क्रमाला महत्त्व आहे. आमच्याकडे अतिक्रमण मोहीम नेहमी भाजीवालीपासून सुरू होते आणि तिथेच संपते. टपरी उचलली की फोटो निघतो, मागच्या चार मजल्यांकडे कॅमेरा वळत नाही. क्रम उलटा केला की माणसांना राग येतो, पण पाठीमागून ‘त्याला हात लावून दाखव’ म्हणायची सोय उरत नाही. पाडापाडीत सुरतेतल्या गरिबांचंही नुकसान झालं. ज्याचं छप्पर गेलं त्याने रावांच्या नावाने टाळ्या वाजवल्या असतील असं मी मानत नाही.

तरीही माझं मत असं की हातोड्याने सुरत बदलली नाही. हातोडा चालवणारे धडाडीचे आयुक्त महाराष्ट्रानेही पाहिले आहेत. बदली झाली की सहा महिन्यांत ओटे परत पुढे येतात. सुरतेत आले नाहीत, निदान पूर्वीसारखे नाहीत. का, हा या प्रकरणातला खरा प्रश्न.

उत्तर दोन कंटाळवाण्या गोष्टींत आहे.

पहिली, सकाळची फेरी. रावांनी नियम केला की अधिकाऱ्याने दिवसाची पहिली पाळी कचेरीत नव्हे, रस्त्यावर काढायची. याला त्यांनीच नाव दिलं होतं, ‘एसी टू डीसी’ : एअर कंडिशन्डमधून डेली चोर्सकडे. म्हणजे गार खोलीतून उठून रोजच्या कामात. मुख्य अभियंता असो की आरोग्य अधिकारी, सगळ्यांना लागू, आणि आयुक्त स्वतः रस्त्यावर. दुपारी सगळे एका टेबलाशी बसणार आणि सकाळी काय पाहिलं ते सांगणार. रोज.

‘रोज’ या शब्दावर मी वर्गात पाच मिनिटं घालवतो, कारण सगळी मेख तिथे आहे. महिन्यातून एकदा साहेब येणार असतील तर फक्की परवडते. आठवड्यातून एकदा आले तरी मुकादम जमवून घेतो. पण रोज येणार असतील तर फक्की किती दिवस माराल? चौथ्या दिवशी मुकादमाचा हिशेब बदलतो : गाळावर माती लोटायला चार माणसं रोज लावण्यापेक्षा गाळ एकदा उपसून टाकलेला स्वस्त. इथे कोणाचं हृदयपरिवर्तन वगैरे झालेलं नाही. सोंग महाग झालं, एवढंच.

आणखी एक बाजू आहे ती कमी बोलली जाते. हजेरीच्या मस्टरवर तीस नावं असतात, रस्त्यावर एकोणीस माणसं. बाकीच्यांचा खाडा मांडायचा की नाही हे मुकादमाच्या मनावर, आणि मुकादमाच्या मनाची किंमत साऱ्या खात्याला पाठ असते. कागदावर हे कधीच दिसत नाही. सकाळी सातला बीटवर उभं राहून खराटे मोजले तरच दिसतं. रोज मोजणारा माणूस आला की मुकादमाच्या हातातली ती छोटी सत्ता जाते. म्हणून फिरतीला खालून जितका विरोध होतो तितका वरून होत नाही.

दुसरी गोष्ट सहीची. शहराचे सहा झोन केले, प्रत्येकाला प्रमुख दिला, आणि त्या सहा जणांना आपल्या हद्दीत आयुक्तांइतके प्रशासकीय आणि आर्थिक अधिकार दिले. इथे बाहेरच्या वाचकाला फार काही वाटणार नाही. ज्याने नस्ती चालवली आहे तो खुर्चीत सरळ बसतो.

कारण आमच्याकडे काय व्हायचं ते सांगतो. चेंबरचं झाकण फुटलं, मी पाहिलं. मी टिपणी लिहिली. ती आरोग्य विभागातून बांधकामकडे, ‘हे काम आपले आहे काय’ या शेऱ्यासह परत आरोग्यकडे, मग कोटेशन, लेखा विभागाचा आक्षेप, मुख्याधिकाऱ्यांची सही, ठेकेदाराचं मागचं बिल थकलेलं म्हणून नकार. एका झाकणाला साडेतीन महिने. मधल्या काळात त्यात एक म्हैस पडली, ती बाहेर काढायला मात्र त्याच दिवशी परवानगी मिळाली. पाहणाऱ्याकडे सही नाही आणि सही करणाऱ्याने पाहिलेलं नाही, एवढ्यात सगळं अडकतं. सुरतेत सकाळी पाहणारा आणि सही करणारा एकच माणूस झाला. दोन विभागांचं भांडण असेल तर दुपारच्या टेबलावर दोन्ही विभागांचे प्रमुख समोरासमोर. ‘आपले आहे काय’ असं तोंडावर विचारायला लाज वाटते. कागदावर वाटत नाही.

१९९६च्या उन्हाळ्यात मावशीकडे गेलो होतो. लिंबायतच्या रेल्वे फाटकाजवळ गटाराचा गाळ काठावर काढून ठेवलेला होता आणि ट्रॅक्टर आलेला नव्हता. एक अधिकारी गाडीतून उतरले, मुकादमाशी दोन शब्द बोलले. ट्रॅक्टर नादुरुस्त. गुजराती मला बऱ्यापैकी समजतं. त्यांनी बॉनेटवर पॅड टेकवलं, भाड्याच्या ट्रॅक्टरचा हुकूम लिहिला, खाली सही केली, चिठ्ठी मुकादमाच्या हातात दिली आणि पुढे गेले. मी घड्याळ बघितलं नाही, पण माझी बिडी संपलेली नव्हती. मी मुकादमाला जाऊन विचारलं, लेखावाले आक्षेप घेत नाहीत का? तो माझ्याकडे असा बघत राहिला की हा कुठल्या देशाचा. सही मी दुरून नीट वाचू शकलो नाही, साहेबांचं नाव कळलं नाही.

कायदा तोच होता

यावर तरुण अधिकारी हमखास म्हणतात, ‘सर, त्यांना अधिकार होते. आम्हाला कुठे आहेत?’

सुरत महापालिका मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ याखाली चालायची. त्या काळी पुणे, सोलापूर, कोल्हापूर याच कायद्याखाली. आपले अधिकार खालच्या अधिकाऱ्याला देण्याची मुभा आयुक्तांना त्या कायद्यात पहिल्यापासून आहे. म्हणजे सुरतेत नवा कायदा झाला नाही, नवी भरती झाली नाही, सफाई कामगारही बहुतांश तेच, ज्यांच्या हातून प्लेगच्या वर्षी शहर बुडालं. कलम पंचेचाळीस वर्षं पुस्तकात पडून होतं.

ते कोणी वापरत का नव्हतं, याचं उत्तर कायद्यात नाही, स्वभावात आहे. सही ही कचेरीतली सर्वांत मोठी मालमत्ता. तिच्यामुळे लोक बाहेर बाकड्यावर थांबतात. ती सहा जणांत वाटायची म्हणजे आपल्या दारापुढची गर्दी आपणच कमी करायची. शिवाय त्या सहांपैकी एकाने चूक केली तर विधानसभेत नाव आयुक्तांचं येणार. अधिकार देऊन जबाबदारी स्वतःकडे ठेवणं, हा गुण मी जवळून फार थोड्या वरिष्ठांत पाहिला. बहुतेक जण उलट करतात, जबाबदारी खाली ढकलतात आणि सही खिशात ठेवतात. मीही निरीक्षक झाल्यावर रजेचा अर्ज मुकादमाच्या पातळीवर मंजूर होऊ द्यायचा की नाही यावर वर्षभर अडून बसलो होतो. रजेचा अर्ज! आता आठवलं की हसू येतं.

दंडाचंही तसंच. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याला कोर्टात खेचायचं तर निकाल लागेपर्यंत तो म्हातारा होईल. सुरतेने ‘प्रशासकीय आकार’ या नावाने जागेवर पावती फाडायला सुरुवात केली. तुमचा कचरा उचलायला आम्हाला जो खर्च येतो तो द्या, असा त्याचा अर्थ. पुन्हा टाकला तर रक्कम वाढणार. हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासली, मुख्य रस्ते रात्री खरवडून झाडायची कामं ठेक्याने दिली. तक्रारीच्या कार्डांना मुदत बांधून दिली. हे सगळं तपशिलाचं काम आणि त्याचं श्रेय कोणा एकाचं नाही. पण दुपारचं टेबल नसतं तर यातली निम्मी कामं परिपत्रकात राहिली असती, याची मला खात्री आहे.

दोन वर्षांच्या आत ‘इंटॅक’ या संस्थेने सुरतेला चंदीगढखालोखाल देशातलं दुसरं स्वच्छ शहर म्हटलं.

जे नक्कल करता आलं नाही

आमच्याही गावात सुरत झाली. नाव सांगत नाही. मासिकात लेख वाचून आलेले एक मुख्याधिकारी, मनाने चांगले. आल्या आठवड्यात त्यांनी सकाळी सहाला फेरी सुरू केली. मी बरोबर, दोन मुकादम, एक छायाचित्रकार. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः खराटा हातात घेतला आणि दहा फूट रस्ता झाडला. वर्तमानपत्रात फोटो आला. खराटा ज्याच्या हातून घेतला होता तो कामगार बाजूला उभा राहून वाट बघत होता, कारण साहेबांनी झाडलेलं त्याला परत झाडायचं होतं; खराटा धरायची पद्धत चुकली की धूळ पुढे जात नाही, मागे उडते.

फेरी अकरा दिवस चालली. अकराही दिवस मी वहीत नोंदी केल्या, एकूण बहात्तर. त्यातल्या साठेकांना पैसे लागणार होते, अगदी शंभर-दोनशे रुपये. मी अधिकार मागितला नाही, त्यांनी दिला नाही. बहात्तर टिपण्या त्यांच्याच टेबलावर जाऊन पडल्या. बाराव्या दिवशी त्यांना त्या टिपण्या वाचायला सकाळी कचेरीत बसावं लागलं.

दोष त्यांचा एकट्याचा नव्हता. मुख्याधिकाऱ्याच्या हातात आयुक्ताइतकं बळ नसतं, अध्यक्ष नि सभेपुढे प्रत्येक गोष्ट न्यावी लागते, हे खरंच. पण शंभर रुपयांच्या खर्चाला कोणी त्यांना अडवलं नसतं. त्यांनी दिसणारा अर्धा भाग उचलला, पहाटे उठण्याचा. न दिसणारा राहिला.

सुरतेच्या बाजूने दोन गोष्टी अशा होत्या ज्या ठरवून आणता येत नाहीत, हेही मी वर्गात सांगतो, नाहीतर गोष्ट पुराणातली होते. एक, प्लेगची भीती ताजी होती. व्यापाऱ्यांनी धंदा बुडताना पाहिला होता, त्यामुळे आयुक्ताला विरोध करणाराही मनात म्हणत होता की काहीतरी व्हायला हवं. दुसरी, मुदत. रावांना सुमारे अडीच वर्षं मिळाली. त्या काळात गांधीनगरला मुख्यमंत्री बदलत गेले, पक्ष फुटले, राष्ट्रपती राजवटही येऊन गेली, आयुक्त टिकले. आपल्याकडे चांगला अधिकारी रुळायला सहा महिने लागतात आणि बदलीचा आदेश आठव्या महिन्यात येतो. पैसाही होता, जकात भरणारं श्रीमंत शहर होतं ते.

पण भीती वर्षभरात जाते, माणूस अडीच वर्षांत जातो. त्यानंतरचं काय, हे मला रावांच्या काळापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांच्यामागून आलेल्यांनी झोन मोडले नाहीत आणि सकाळची फिरतीही बंद केली नाही. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी, २०२३च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतला. सर्वेक्षणांच्या क्रमांकांवर माझा आंधळा विश्वास नाही, ते कसे जमवले जातात ते थोडं माहीत आहे. मला दुसरी परीक्षा अधिक पटते. ऑगस्ट २००६मध्ये उकाई धरणातून प्रचंड पाणी सुटलं आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला, १९९४पेक्षा कितीतरी मोठा पूर. सगळं तेच : चिखल, मेलेली जनावरं, भिजलेलं धान्य. या वेळी प्लेग आला नाही.

माझा मावसभाऊ तोवर लिंबायत सोडून वेड रोडच्या बाजूला राहायला गेला होता, जिथून १९९४ची साथ सुरू झाली त्याच बाजूला. फोन लागायला चार दिवस लागले. घरातलं सगळं भिजलं होतं, हंडा शाबूत होता. मी सवयीने विचारलं, गाळ?

‘पाणी उतरलं त्याच दिवशी झोनवाले आले. अजून चालू आहे उपसणं, रात्रीचंही.’

‘कमिशनर कोण आहेत रे सध्या?’

‘ते काही माहीत नाही बुवा,’ तो म्हणाला. मग पलीकडे कोणालातरी ओरडून त्याने विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं.